मागे राहिलेली पात

नाशिक,
२१ जुलै २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

"चालण्यावरूनच समजते कोण पेला अन् कोण नाही. तोंडाचा वास घ्याची गरज नाही." हे तू म्हणालीस तेव्हा मी दहावीची परीक्षा देऊन उन्हाळ्यात तुझ्याकडे पळसटोल्याला आले होते. तुझं नवं लग्न झालेलं. विहाराच्या ओट्यावर आपण दोघी बसलो होतो आणि संध्याकाळी रस्त्यानं जाणाऱ्या माणसांचे पाय बघून तू मला सांगत होतीस: हा पेला, हा नुसता थकला, याच्या टाचेत काटा आहे. एकदाही चुकली नाहीस. पुढं तू गावात दारूबंदीची समिती काढलीस आणि बायांना घेऊन मोहाच्या दारूची मडकी फोडलीस, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

आज शाळेत एका मुलानं नाटकाच्या तालमीत दारुड्याची चाल करून दाखवली. सगळा वर्ग हसला. मला तू आठवलीस, आणि मग आठवलं की तीन आठवडे झाले, तू माझा फोन घेत नाहीस.

भाऊजी म्हणतात, घसा बसला. तीन आठवडे कुणाचा घसा बसतो का? मे महिन्यात आले होते तेव्हा भात वाढताना तुझ्या हातून पळी सुटली. "हात म्हातारे झाले," म्हणून तू हसलीस. विहिरीकडे जाताना भिंत धरलीस, ते मी पाहिलं. विचारलं नाही, कारण तुला विचारलेलं आवडत नाही.

फोन नको असेल तर पत्र लिही. भाताची रोवणी सुरू झाली असेल. तू बायांच्या टोळीत आहेस ना? मी शाळेच्या जिन्यावर पाय मुरगाळून घरी बसले आहे, म्हणून लिहायला निवांत वेळ आहे. गुड्डीचं कॉलेज सुरू झालं. ती म्हणते, मावशीला सांग, तुझ्या बहिणीला चालता येत नाही.

तुझी
रत्ना


पळसटोला,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय रत्ना,
जयभीम.

अक्षर पाहून हासू नको. ओळीवर ठेवते म्हणलं तरी पेन खाली उतरते. तरी मीच लिहून राहिली, कोणाले सांगून लिहाची गोष्ट नाही.

घसा बसला नाही. जीभ जड झाली. फोनवर बोलली का माह्यं मलेच ऐकू येते, कोणी दुसरीच बाई बोलते असं. जून संपता संपता लाखनीहून तुह्या भाऊजीच्या, तेजरामच्या, ओळखीच्याचा फोन आला. मीच उचलला. तो मंग तेजरामले विचारते, "काय बा, वहिनी घेते का आजकाल?" तेव्हापासून फोन बंद.

रोवणीले गेली होती. दोन दिवस गेली. पहिल्या दिवशी धानाच्या बांधीत उलट्या पायानं सरकता सरकता चिखलात बसली. बाया हासल्या, मीही हासली. चिखलात कोण पडत नाही? मंग अजून पडली. मंग कोणी हासलं नाही. तुले माहीत आहे, आपल्या इथं सगळ्या एका रांगेत मागे मागे जातात, जिची तिची पात असते, आपल्या वाट्याचा पट्टा. एखादीची पात मागे रायली तं बाजूच्या दोघी आपल्या हातानं तिची पात लावत जातात, अन् बोलत नाहीत. बोलाची रीतच नाही. त्या दिवशी शकुबाईनं एका बाजूनं माह्यी पात भरली, जनाबाईनं दुसऱ्या बाजूनं. मी तीस वर्षं टोळीची म्होरकी, अन् माह्यी पात दुसऱ्यांनी भरली. मी मधातूनच घरी आली.

अन् आषाढी पौर्णिमेले विहारात शील मीच देत होती, नेहमीसारखं. चार शील नीट गेले. पाचवं, दारू न पेण्याचं, ते म्हणताना जीभ अडकली. सुरामेरय म्हणताना अशी अडकली की मागून कोणी तरी फुसकन हासलं. पाचव्या शीलावरच अडकावं का रत्ना? निघताना पानठेल्यावरचा बाबूलाल म्हणते, "अध्यक्षीणबाई, आज जास्त झाली वाटते." त्याच्या बापाचे मडके मी फोडले होते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरले मेंदूच्या डॉक्टरकडे जा म्हणलं. तू ये. तेजरामले डॉक्टरचं बोलणं समजत नाही, अन् मले त्याचं तोंड पाहवत नाही.

पाय कसा आहे? हळद लाव.

तुह्यी
ताई


नाशिक,
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

नागपूरहून परत आले आणि शाळेत बुडाले, म्हणून उशीर झाला. पण मनातून तो दवाखाना जात नाही. डॉक्टरांनी तुला सरळ रेषेत, टाचेपुढं टाच ठेवून चालायला सांगितलं. तू लगेच भिंत धरलीस आणि म्हणालीस, "साहेब, मी पेली नाही जी." त्यांनी विचारलंही नव्हतं. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी तुझी पिशवी छातीशी धरून बसले होते.

आता सगळे रिपोर्ट आले आहेत. या आजाराला नाव आहे, स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया. डोक्यात मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो चालण्याचा, बोलण्याचा, हाताचा तोल सांभाळतो. तुझा तो हळूहळू झिजतो आहे. फार थोड्या लोकांना होतो हा आजार, म्हणून भंडाऱ्यात कुणाला ओळखू आला नाही. बरा करणारं औषध नाही. पण व्यायामानं, माणसांच्या आधारानं खूप वर्षं चालतं-फिरतं राहता येतं. बाकी डॉक्टर जे म्हणाले ते तूही ऐकलंस, पुन्हा लिहीत नाही.

ताई, मला तर नाव मिळालं याचंच बरं वाटलं. नाव आहे म्हणजे सांगता येतं. मी सगळं योजून ठेवलं आहे. महिला मंडळात एकदा सांगून टाकायचं. रोज सकाळी दोघींनी तुझ्यासोबत फिरायला जायचं, आळीपाळीनं. तुझ्या दारापासून विहारापर्यंत बांबूचा कठडा करायचा. बाबूलालच्या पानठेल्यासमोर तर दोन बांबू जास्त! मुंबईत या आजाराच्या लोकांचा एक गट आहे, ते फोनवर व्यायाम शिकवतात, त्यांच्याशी मी बोलले. ज्या बाईनं अख्ख्या गावाला उभं केलं, तिच्यासाठी गाव उभं राहणार नाही?

फक्त तू हो म्हण. मी शकुबाईंना फोन करते.

माझा पाय बराचसा बरा आहे. जिना मात्र अजून कठडा धरून उतरते. गुड्डी स्कूटर चालवू देत नाही, ती एक आजीबाईच झाली आहे.

तुझी
रत्ना


पळसटोला,
२६ सप्टेंबर २०२४

प्रिय रत्ना,

नको.

मले कोणाची दया नको. तेजरामनं बांबूची काठी आणली, तासून गुळगुळीत केली, मी गोठ्यात ठेवून देली. म्हशीले टेकू दे.

दारुडी म्हणतात तं म्हणू दे. गावाचं तोंड आहे, दोन महिने चालन, मंग थकन. मी विहारात जाणं सोडलं, रस्त्यानं जाणं सोडलं, तं पाहायलेच कोणी नाही. घरात कामं काय कमी आहेत? बसून तांदूळ निवडते. निवडताना हात हलते, पण तांदूळ काही गावात सांगत नाही.

शकुबाई येऊन गेली. म्हणते, "काय वं, काहून बसली घरात, पोराचं लग्न आलं तं आतापासून सासू झाली का?" मी म्हणलं, हो. अश्विनले मोहाडीचं स्थळ आलं आहे. पोरगी बीएस्सी आहे, घरचे चांगले आहेत. दिवाळीच्या आधी पाहाले येतीन. सध्या तेवढंच डोक्यात आहे.

तू कोणाले काही सांगशीन तं तुले माह्यी शपथ आहे.

ताई


नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२४

ताई,

आज धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. दरवर्षी तू बायांचा टेम्पो भरून दीक्षाभूमीवर जातेस. यंदा गेली नाहीस हे भाऊजींकडून कळलं, आणि मला राग आला. तुझ्या शपथेचाही राग आला.

दया नको म्हणतेस. दया कोण करतंय? तुझा मान तुला आवरत नाही, एवढंच. तीस वर्षं तू पुढं चाललीस आणि बाकीच्या मागून. आता कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा म्हटलं तर तू दार लावून घेतेस. आणि आयुष्यभर जिच्याविरुद्ध लढलीस त्या दारूचं नाव स्वतःला लावून घेतेस! मला हे सहन होत नाही.

म्हणून मी तुझी शपथ मोडली. काल शकुबाईंना फोन करून सगळं सांगितलं, आजाराचं नावही सांगितलं. त्या आधी रडल्या, मग म्हणाल्या, "आता पाह्यतो तिले, कशी घरात बसते." ताई, मला खूप हलकं वाटलं.

रागाव. पण नंतर मला बरं म्हणशील.

हे पत्र फळ्यासारखं वाकडं झालं आहे, रागात लिहिलं म्हणून. आजकाल फळ्यावरच्या ओळीही उताराला लागतात. पोरं म्हणतात, मॅडम घाटात लिहितात.

रत्ना


पळसटोला,
२८ ऑक्टोबर २०२४

रत्नमालाबाई यांस,
तेजरामचा जयभीम.

मी पत्र लिहीत नसतो. पण विमल लिहायला तयार नाही आणि फोनवर तिच्यासमोर बोलता येत नाही, म्हणून लिहितो.

शकुबाई दहा-बारा बायांना घेऊन आल्या. डोक्यावर बांबू, हातात दोर. अंगणात मोठ्या आवाजात आजाराचं नाव घेतलं. मनात काही वाईट नव्हतं. विमलनं आतून कडी लावली. बाया संध्याकाळपर्यंत अंगणात बसून राहिल्या, मग बांबू तिथंच ठेवून गेल्या.

तुम्हाला वाटते, विमल मानापोटी लपवते. तसं नाही. डॉक्टर काय बोलले ते तुम्हीही ऐकलं, मला नंतर अश्विननं समजावून दिलं. ही बिमारी रक्तातून येते. आई-बापात असली तर प्रत्येक लेकराला निम्मा धोका. तुमचे आई-बाबा लवकर गेले, म्हणून कोणाकडून आली ते कळलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर विमल मला म्हणाली, "दारुडी म्हणतीन तं माह्या एकटीचं नाव जाईन. बिमारी म्हणतीन तं अश्विनचंही जाईन. त्यापेक्षा मी पेते असंच समजू द्या." म्हणून ती गप्प होती. ज्या बाईनं दारूला कधी हात लावला नाही, ती पोरासाठी दारुडी व्हायला तयार होती.

मोहाडीवाले दिवाळीच्या आधी येणार होते. गोष्ट त्यांच्यापर्यंत गेली. त्यांनी आता थांबा म्हटलं आहे.

मी तुमच्यावर रागावलो नाही. पण डॉक्टरांनी दुसरंही सांगितलं होतं, की बहीण-भाऊ असतील त्यांनीही तपासून घ्यावं. तेवढं तुम्ही तुमच्या पत्रात लिहिलं नाही. विमलनं ते पत्र मला वाचून दाखवलं होतं आणि तिथं थांबली होती.

गुड्डीला आशीर्वाद.

तेजराम


नाशिक,
७ नोव्हेंबर २०२४

ताई,

भाऊजींचं पत्र मिळालं. काय लिहू?

तू अश्विनला झाकत होतीस आणि मी तुझा पदर ओढला. मी तुला मानी म्हणाले. तू मला लहानपणापासून ओळखतेस, मी तुला अजून ओळखत नाही.

ते वाक्य मी पत्रात लिहिलं नाही, कारण डॉक्टर ते बोलत असताना मी दुसरीकडे बघत होते. ऐकलं होतं, ताई. पण समोर गुड्डीचा चेहरा आला आणि मी पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायले. माझं काही नाही. मी ठणठणीत आहे. माझी काळजी करू नकोस, तू तुझी कर, अश्विनची कर.

मी अश्विनला फोन केला होता. "मावशी, जाऊ दे," एवढंच म्हणाला. इतकं शांतपणे म्हणाला की मला वाटलं, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला लिहावंसं वाटेल तेव्हा लिही. मी वाट बघते.

रत्ना


पळसटोला,
२० एप्रिल २०२५

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

तुह्यी सगळी पत्रं मिळाली. जानेवारीतलंही, होळीच्या नंतरचंही. उशीखाली ठेवली होती. उत्तर काहून देल्लं नाही ते विचारू नको. राग होता, तो गेला, मंग लाज आली, तिले जायले वेळ लागला. आता हे पत्र थोडं थोडं करून लिहून राहिली. एक पान झालं का हात थकते.

अश्विनचं सांगते. तो कोणाले न विचारता मोहाडीले गेला. एकटा. त्याहिच्या घरी बसून म्हणाला, "माझ्या आईले अशी अशी बिमारी आहे. मलेही असू शकते. अजून तपासलं नाही. तुमच्या कानावर दुसऱ्या तोंडून गेलं, म्हून मी स्वतः आलो." पोरीच्या बापानं चहा पाजला, बस स्टँडपर्यंत सोडाले आला, अन् मंग फोन आला नाही. अश्विनले दुःख झालं असन, त्यानं दाखवलं नाही. मी रडली. तो म्हणते, "आई, तू गप्प रायली तं लोकांनी तुले दारुडी म्हणलं. मी गप्प रायलो असतो तं मले काय म्हणले असते?" ज्याच्यासाठी मी तोंड शिवलं, त्यानंच टाका उसवला. मंग झाकायले काय रायलं?

आता शकुबाईचं. ते बांबू चार महिने आंगणात पडून होते. शकुबाई रोज सकाळी येऊन त्यावरच बसाची. कठड्याचं नाव घेत नव्हती, बिमारीचंही नाही. वांगे कसे आहेत, सून काय म्हणते, असं बोलून जायची. एक दिवस मी म्हणलं, "शकु, मले मदत नको वं." तं ती काय म्हणते? "मदत कोण करून राहिलं? तुह्यी पात मागे रायली, आम्ही लावून राहिलो. तू आमची पात लावली तवा आम्ही दया म्हणलं होतं का?" रत्ना, मी तीस वर्षं दुसऱ्यांची पात भरली, अन् मले हे समजलं नव्हतं. मी उठली अन् गोठ्यातून काठी आणली. म्हशीनं तिच्यावर अंग घासून घासून अजून गुळगुळीत केली होती.

चौदा एप्रिलले सकाळी विहारात जायचं होतं. मी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातानं शकुबाईले धरलं. तिनं जनाबाईले, जनाबाईनं रुखमिणीले, अशी सारी रांग झाली, पांढरे लुगडे नेसून, रोवणीसारखी. फरक एवढाच की आज तोंड पुढं होतं. बाबूलालच्या पानठेल्याजवळ आलो अन् माह्या पायानं गडबड केली, मी एका बाजूनं झुकली. शकुबाईही मुद्दाम झुकली. तिच्या मागे जनाबाई झुकली. पाहता पाहता सारी रांग इकडून तिकडं डोलाले लागली. शकुबाई भर रस्त्यात वरडली, "पाय रे बाबूलाल, सारंच मंडळ पेलं आज! लाव कोणाले कोणाले बोल लावतं ते!" बाया इतक्या हासल्या का रुखमिणी खालीच बसली. बाबूलालच्या हातातलं पान हातातच रायलं. मंग तो ठेल्यावरून उतरला अन् काय केलं माहीत आहे? मधातल्या नालीवर फळी टाकली, मले जायले. बोलला नाही. मी काठी टेकत तिच्यावरून गेली.

विहारात शील मीच देल्ले. पाचव्यावर जीभ अडकलीच. सु-रा-मे-र-य, असं तुटून तुटून निघालं. मी डोळे मिटले, आता हासतीन म्हून. पण मागून आवाज आला तो माह्यासारखाच तुटून तुटून. जसं मी म्हणलं तसंच साऱ्यांनी म्हणलं, म्हातारे, पोट्टे, सारे. जेवढा वेळ मी घेतला तेवढाच त्याहिनं घेतला. पाचव्या शीलाले एवढा वेळ आजपर्यंत कोणी देल्ला नसन.

तं तू जे केलं ते चूक होतं का बरोबर, हे मले अजून समजत नाही. शपथ मोडली ते चूकच. पण तू मोडली नसती तं मी अजून तांदूळ निवडत बसली असती. आता त्याचा हिशेब नको.

बारा मेले बुद्धपौर्णिमा आहे. तुह्या शाळेले सुट्टी लागली असन. गुड्डीले घेऊन ये. पन्हं करून ठेवते.

तुह्यी
ताई

नाव लिहून झालं, पण एक रायलं. ते लिहू का नको म्हून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता.

तुह्या पत्रात जिना बहुत येते, रत्ना. पहिल्या पत्रात पाय मुरगाळला, मंग कठडा धरून उतरली, मंग गुड्डीनं स्कूटर सोडवली, मंग फळ्यावरच्या ओळी उताराले लागल्या. होळीच्या पत्रात तू म्हणते का जिना टाळाले खालचा वर्ग मागून घेतला. तू सहज लिहून गेली. मी सगळी पत्रं एकावर एक ठेवून वाचली. अन् तुह्यं अक्षर पाहिलं, पहिलं अन् आताचं.

माह्या डोळ्यांचं तुले माहीत आहे. तूच आठवण करून देली होती. तपासणी, रक्त, ते नंतर पाहू. अश्विन म्हणते, मावशी येत असन तं मीही तिच्यासोबत नागपूरले जाईन. पण ते नंतर.

आलीस का दुसऱ्या दिवशी सकाळी, गुड्डी झोपेत असताना, आपल्या आंगणात दारापासून विहिरीपर्यंत एकदा चाल. काही धरू नको. मी उंबऱ्यावर बसून पाहीन, कोणाले बोलणार नाही. तू म्हणशीन, मले काही झालं नाही, मी काहून चालून दाखवू? तू नाहीच म्हणशीन. मीही नाहीच म्हणली होती. तरी मागते, रत्ना. एकदा चाल.